शेवटचे अकरा किलोमीटर

९ जानेवारी

वरची ओळ मुद्दाम कोरी सोडली आहे. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला पत्र लिहिताना तिथे आशीर्वाद लिहायचे असतात. एकतीस वर्षांच्या अबोल्यानंतर ते लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, हे तू ठरवायचे. म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवते आणि कामाचे लिहिते.

सध्या मी घरातले कागद लावते आहे. माझ्यामागे ते पाहणारे कोणी नाही, तरी शिस्त ती शिस्त. लांब रांगेच्या पाहणीच्या सगळ्या वह्या माझ्या कपाटात क्रमाने आहेत. शेवटच्या मोसमातली तुझी वही तेवढी नाही. ती तुझ्याकडे असल्यास पाठवावी. टपालाने आली तरी चालेल.

कोणती वही, याबद्दल घोटाळा नको म्हणून नोंदवते. रांग एकशे साठ किलोमीटर लांब. कणखर गारेच्या खडकाचा एकच जाड थर जमिनीतून तिरपा वर आलेला. त्याच्या दोन्ही अंगांचा मऊ खडक पावसापाण्याने वाहून गेला आणि थराची कड तेवढी उभी राहिली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लांब उतार. एवढ्या लांबीत एकही नदी तिला आडवी ओलांडत नाही. फक्त दक्षिण टोकाजवळ एक कोरडी खिंड आहे, आणि तिच्या माथ्यावर नदीतले गोटे सापडतात. मला हवी आहे ती या खिंडीपासून टोकापर्यंतच्या अकरा किलोमीटरची वही. त्या भागाबद्दल आपल्यात त्या वेळी काही मतभेद झाले होते, हे तुझ्या स्मरणात असेल.

संग्रह पूर्ण व्हावा, एवढाच हेतू.

ता. क. खिंडीखालून पलीकडच्या कोरड्या गावांसाठी पाण्याचा बोगदा निघणार असल्याचे ऐकते. या मागणीशी त्याचा काही संबंध नाही.

२१ जानेवारी

तुझे कार्ड मिळाले. अक्षर अजून तसेच आहे, बारीक आणि सरळ. मजकूर दोन वाक्यांचा: "वही चौकशी समितीने तुझ्या डोळ्यांदेखत जमा करून घेतली होती. बोगद्याचा संबंध नसता तर तू तो लिहिला नसतास."

दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिले मी विसरले होते असे म्हणणार होते, पण विसरले नव्हते. समितीने जुनी कागदपत्रे मालकांना परत केली असतील, अशी मी आशा करत होते. दुसऱ्याबद्दल आता लिहिते.

डिसेंबरच्या शेवटी बोगद्याच्या कामावरचा अभियंता माझ्याकडे आला. पस्तिशीचा असेल, बुटांना चिखल, आणि तो बूट दाराबाहेर काढू की नको या विवंचनेत. त्याने माझा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर माझेच चार कप ठेवले.

"मॅडम, एकच शंका आहे," तो म्हणाला. "खिंडीत ही रेघ सलग काढलीय. म्हणजे तुम्ही तिथे स्वतः उभं राहून पाहिलंय ना?"

"नकाशाची सूची वाचता येते ना तुम्हाला?"

"येते हो. पण आमचे साहेब म्हणाले, काढणारं माणूस हयात आहे तर तोंडी विचारून घे."

"पाहिलं आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. "सुटलो. मग खडक तपासायची खिंडीतली तीन छिद्रं वाचली. ड्रिल मशीन सरळ पलीकडच्या तोंडाशी नेतो. दहा फेब्रुवारीला आराखड्यावर सही झाली की झालं."

तुला सूची सांगण्याची गरज नाही; तीच तुझ्या उपजीविकेवर उलटली. तरी लिहिते, कारण ती लिहिताना मला जे वाटते ते वाटले पाहिजे. खडकाची सीमा पाहणाऱ्याने प्रत्यक्ष पायाखाली घेतली असेल तर रेघ सलग. अंदाजाने जोडली असेल तर तुटक. मातीखाली दडली असेल तर ठिपके. आमच्या धंद्यात याहून मोठी शपथ नाही. मुख्य आरेखक माझ्या नकाशावर शाई फिरवताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बाईंची रेघ बाईंसारखीच आहे, कुठे तुटत म्हणून नाही." मी हसले होते.

त्या अकरा किलोमीटरांची रेघ मी समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीने पाहून काढली. धार सलग दिसत होती. तू वहीत लिहिले होतेस की खिंडीत खडक तुटला आहे आणि दक्षिणेकडचा तुकडा चाळीस पावले मागे सरकला आहे. समोरून पाहणाऱ्याला पुढे-मागे सरकलेल्या दोन भिंती एकच भिंत वाटते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. मला समजायला हवे होते. पण माझा निबंध तोवर छापायला गेला होता आणि त्याचे शीर्षकच रांगेच्या अखंडतेबद्दल होते. खिंड जुन्या नदीने कापली, खालचा खडक अभंग आहे, असे मी त्यात मांडले होते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे खडक आधी तुटला आणि नदीने फक्त तुटकी जागा शोधली. नंतर कोसळलेल्या शिळा आणि झुडपांनी ती जागा झाकली. आकाशातून काढलेल्या छायाचित्रांतही तिथे नुसते रान दिसते. म्हणूनच माझी रेघ आजवर टिकली.

जिथे खडक तुटून घासला जातो तिथे त्याचा भुगा होतो, आणि भुग्यात पाणी साठते. त्याच्याखाली माणसे बोगदा खणणार आहेत.

वही कशासाठी हवी होती, तेही सांगून टाकते. ती मिळाली असती तर "जुन्या कागदांत नवा पुरावा हाती आला" असे चार ओळींचे पत्र मी अभियंत्याला पाठवले असते. छिद्रे घेतली गेली असती, कोणी दगावले नसते, आणि मला आणखी काही सांगावे लागले नसते.

२ फेब्रुवारी

कार्ड आले नाही. येईल अशी माझी अपेक्षाही रास्त नव्हती.

कार्यालयाच्या अभिलेख खोलीत जाऊन आले. तळघर, जाळ्या लावलेल्या खिडक्या, टेबलावर पाणी शिंपडून ठेवलेले स्पंज. कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला. "एवढ्या जुन्या वह्या? बाई, त्या आता उंदरांनाही आवडत नाहीत." मग नोंदवही पाहून म्हणाला, बारा वर्षांपूर्वी त्या रद्दी म्हणून निकाली काढल्या. निकाली काढण्याच्या आदेशावर सल्लागार म्हणून कोणाची सही होती, हे त्याने वही माझ्याकडे फिरवून दाखवले. त्या वर्षी मी अशा चाळीस आदेशांवर न वाचता सही केली होती. यात हेतू नव्हता. पण हेतू नव्हता हे सांगताना मला जो आनंद झाला, त्याचीही लाज वाटली.

तेव्हा आता पुरावा म्हणजे फक्त मी.

मी धारेवर का गेले नाही, हे तुला कधी विचारावेसे वाटले असेल. समितीने ते विचारलेच नाही. बाई तंबूत बसून राहील असे त्यांच्या मनात आले नाही, कारण तसे कोणाच्या मनात येऊ नये म्हणून मी वीस वर्षे खपले होते. त्या मोसमात मला उंचीवर घेरी येऊ लागली होती. धारेवर, जिथे दोन्ही बाजूंना खाली काही नसते, तिथे माझे पाय हलत नसत. आधीच्या महिन्यात एका टप्प्यावर मी बसून, हातांवर रेटत पुढे गेले होते. कोणी पाहिले नाही. शेवटच्या भागाशी आलो तेव्हा मी तुला म्हणाले, "तू नमुने गोळा करत जा, मी माझ्या वाटेने पाहणी करते." माझी वाट म्हणजे टेकडीवरची एक सपाट शिळा आणि नंतर तंबू.

धीर नव्हता म्हणून कोणी नोकरी गमावत नाही. तुटक रेघ काढली असती तर कोणी एक शब्द बोलले नसते. हे मला त्या दिवशीही माहीत होते.

मग तू नियमाप्रमाणे वही थेट नकाशा-कक्षाकडे पाठवलीस. दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध आल्या आणि संचालकांनी तिघांची समिती नेमली. माझे निवेदन तू समोर बसून ऐकलेस. आज मी ते पुन्हा तपासले. माझ्याकडे त्याची प्रत आहे. रचना निर्दोष आहे. तळाच्या नोंदीप्रमाणे त्या भागासाठीच्या दोन दिवसांपैकी दुसरा दिवस सहायक, म्हणजे तू, पूर्ण वेळ तळावर होता, तेव्हा पाहणी एकाच दिवसात झाली असली पाहिजे. दिवसाचा उजेड बारा तास. चौदा ठिकाणच्या मोजणीला पाच तास. उरले सात. त्या धारेवर माणूस तासाला एक किलोमीटरहून जास्त चालू शकत नाही. अकरा किलोमीटर सात तासांत बसत नाहीत. त्यावरून नोंदी जागेवर केलेल्या नसून एका जागी बसून रचलेल्या आहेत.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "इतकं स्वच्छ मांडल्यावर विचारायला काही उरत नाही." मला ती स्तुती वाटली.

त्या मांडणीत एक गोष्ट मी कुठून आणली हे कोणी विचारले नाही: तासाला एक किलोमीटर. तो वेग माझा होता. दोन्ही हातांनी खडक धरत, बसत बसत जाणाऱ्या बाईचा वेग मी प्रमाण म्हणून मांडला आणि त्यावर तुला खोटे ठरवले. जे मी केले होते, त्याचाच तुझ्यावर आरोप ठेवला. अध्यक्षांनी तुला विचारले, "दुसऱ्या दिवशी तळावर का थांबलात?" तू काही बोलला नाहीस. त्यांनी पुन्हा विचारले. तू माझ्याकडे एकदा पाहिलेस आणि खाली बघत राहिलास.

त्यानंतर तू लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजायला लागलास, असे ऐकले. माझा निबंध पाठ्यपुस्तकात गेला.

आईबद्दल आज लिहीत नाही.

आराखड्यावर सही व्हायला आठ दिवस उरले आहेत.

११ फेब्रुवारी

परवा, म्हणजे सहीच्या आदल्या दिवशी, मी अभियंत्याच्या कार्यालयात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना छिद्रांतून काढलेल्या खडकाच्या नळ्यांचे लाकडी खोके रचलेले. प्रत्येक नळीवर खोली खडूने लिहिलेली. मी वाटेत दोन वाचल्या. सवय.

त्याने खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"मी तुम्हाला डिसेंबरात खोटं सांगितलं," मी म्हणाले. "खिंडीत मी गेले नव्हते. ती रेघ मी दुरून काढली."

त्याने नकाशाची कड सरळ केली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, होतं असं. इतकी वर्षं झाली. आठवणीत गफलत होते."

तो मला वाट करून देत होता. चांगला मुलगा आहे. आणि खरे सांगते, एक क्षण मी त्या वाटेवर पाय ठेवलाही. गफलत हा शब्द मऊ आहे. त्यात माणूस आरामात बसू शकतो.

"गफलत नाही," मी म्हणाले. "तेव्हाही माहीत होतं, डिसेंबरातही माहीत होतं."

"मग मला लेखी लागेल."

मी तिथेच लिहायला घेतले. तो खांद्यावरून वाचत होता. "'स्मरणानुसार' असा शब्द घालायचा का सुरुवातीला? म्हणजे तुम्हाला पुढे त्रास नको."

"नको."

"मग तिथे गेलं कोण होतं? की कोणीच नाही?"

"माझा भाऊ. माझा सहायक होता."

त्याने फाइल उलटली. तुझे प्रकरण त्या फाइलीत आहे, माझ्या नकाशाला टाचलेले. तुझ्या बडतर्फीचा कागद माझ्या रेघेचा पुरावा म्हणून तिथे ठेवलेला आहे. हे मला ठाऊक नव्हते. "म्हणजे खोट्या नोंदी केल्या म्हणून काढलं ते?"

"नोंदी खऱ्या होत्या. खोटं निवेदन माझं होतं. तेही लिहिते, थांबा."

लिहायला पाऊण तास लागला. आयुष्यात इतके वाईट गद्य मी लिहिलेले नाही. क्रम चुकला, एक वाक्य दोनदा आले. पुन्हा स्वच्छ करून लिहावे असे वाटले, पण स्वच्छ मांडणीचा मोह मी ओळखते. तसेच दिले. या पत्राबरोबर त्याची प्रत जोडली आहे. एक प्रत संचालकांना आणि एक पाठ्यपुस्तक मंडळाला रवाना केली.

साहेबांनी आतल्या खोलीतून बाहेर येऊन ते उभ्याउभ्या वाचले. अभियंत्याला म्हणाले, "तिन्ही छिद्रं घ्या. पण नेमकी कुठे? तिथे आता रान माजलंय. त्या माणसाला विचारा, असेल तर." आणि आत गेले.

अभियंत्याने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. मी दिला. तुला न विचारता दिला, याचाही दोष माझ्याकडे नोंदव. तू त्यांना नाही म्हणालास तर ते योग्यच होईल, आणि तरीही छिद्रे घेतली जातील, एवढे मी पाहीन.

६ मार्च

तू खिंडीत गेलास, हे मला तुझ्याकडून कळले नाही, आणि कळवणे तुझ्याकडे लागतही नव्हते. काल अभियंता आला. या वेळी बूट बाहेर काढून.

त्याने आधी कामाचे सांगितले. तू दाखवलेल्या ठिकाणी दुसऱ्या छिद्रात साठ मीटरवर खडक संपला आणि ओल्या पिठासारखा भुगा वर येऊ लागला. मग पाण्याने नळीच वर ढकलली. ड्रिलवाला म्हणाला म्हणे, "साहेब, इथे खाली आत शिरलो असतो तर बाहेर यायला आम्ही कोणी उरलो नसतो." बोगद्याची वाट आता चार किलोमीटर उत्तरेला जाईल. कागदावर तुटकी जागा तुझ्या वहीप्रमाणे काढली जाईल. वही नाही, पण तू चौदाही ठिकाणे बोटाने दाखवत गेलास.

मग म्हणाला, "मॅडम, तुमचे भाऊ अडुसष्टचे आहेत यावर माझा विश्वास नाही. खिंडीची जागा दाखवून झाल्यावर मी म्हटलं, आता परत फिरू. तर म्हणाले, आलोच आहे तर टोकापर्यंत जातो. उजाडताना निघालो होतो, दुपारी साडेबाराला टोकाशी. मी तीनदा बसलो. ते एकदाही नाही. वर मला म्हणतात, 'बस हवं तर, डोंगर थांबेल.'"

मी गणित केले. न करता राहवले नाही. मोजणीचे पाच तास धरूनही तुला तेव्हा तो एक दिवस पुरला होता. अडुसष्टाव्या वर्षी पुरतो तर सदतिसाव्या वर्षी पुरलाच.

"मी विचारलं त्यांना," अभियंता म्हणाला, "की मग दुसऱ्या दिवशी तळावर का थांबलात? फाइलीत तेवढाच प्रश्न उत्तराविना होता, म्हणून. मग म्हणाले, ताईला बरं नव्हतं. स्वयंपाक्यानं सांगितलं होतं की बाईंनी तंबूचा खांब धरून ठेवलाय, सोडतच नाहीत. म्हणून मी बाहेर बसून राहिलो, कोणी आत जाऊ नये म्हणून."

अभियंत्याला वाटले, मला हे ठाऊक आहे. तो चहा संपवून गेला.

म्हणजे समितीपुढे तुझ्याजवळ उत्तर होते. "मी तळावर थांबलो, कारण ही तंबूत होती. ही धारेवर गेलीच नाही, मी पाहिले आहे." एवढ्या दोन वाक्यांत तुझी नोकरी राहिली असती आणि माझी गेली असती. अध्यक्षांनी दोनदा विचारले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी सांगेन का, हे तू पाहत होतास. एकतीस वर्षे मी त्या नजरेचा अर्थ आरोप असा लावला.

आईबद्दल आता लिहिते.

समितीचा निकाल लागला त्या आठवड्यात तू घरी आला होतास. आईने दार उघडले, पण तुला आत ये म्हणाली नाही, कारण मी आत होते आणि मी माझ्या बाजूचे सगळे तिला सांगितले होते. तू गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "बारक्या असं करेल असं वाटत नाही गं. त्याची बाजू असेल काही. मग बोलत का नाही तो?"

मी भाजी चिरत होते. मी मान वर केली नाही. मी म्हणाले, "आई, ज्याच्याकडे उत्तर नसतं तो बोलत नाही."

तिने मान डोलावली. माझ्या तर्कावर तिचा फार विश्वास होता. त्यानंतर सहा वर्षे ती जगली आणि तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.